सिग्नलला डावीकडे वळताना ट्रॉलीच्या डाव्या अंगाला राहू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. लेकीला क्लासला सोडायला निघालात, दाभोळकर कॉर्नरला डावीकडं वळायचं म्हणून लाल दिव्यावर थांबलात, मागच्यांनी हॉर्न मारून जीव नकोसा केला, म्हणून मोपेड पुढं सरकवली आणि शेजारच्या उसाच्या ट्रॉलीनं जवळजवळ दाबलंच. लाल असताना डावीकडं जावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. चार वर्षांपूर्वी माझ्यासोबत हेच झालं, फक्त माझ्या बाबतीत 'जवळजवळ' नव्हतं.

आधी दिव्याचं सांगतो. डावीकडचा रस्ता आपोआप मोकळा नसतो. तिथं तसा फलक असेल किंवा डाव्या बाणाचा हिरवा दिवा लागला असेल, तरच जायचं. नाहीतर लाल म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या अलीकडं थांबायचं. जायला मुभा असली तरी झेब्र्यावरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. बऱ्याच चौकांत हा फलक वाढदिवसाच्या फ्लेक्समागं गेलेला असतो. दिसला नाही तर नाही असंच धरून थांबा. मागचा हॉर्न मारतोय म्हणून चलन त्याच्या नावावर जात नाही.

पण पाय मोडतो तो दिव्यामुळं नाही, त्याचं खरं कारण वेगळं आहे आणि ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. लायसनच्या वेळी नाही आणि त्यानंतरच्या वीस वर्षांतही नाही.

जानेवारीतली संध्याकाळ होती, गळीत हंगाम ऐन भरात. चौकाचं नाव सांगत नाही. मी अगदी डाव्या कडेला होतो, उजव्या हाताला ट्रॅक्टर आणि मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. ड्रायव्हरनं इंडिकेटर दिला नव्हता. टेपवर गाणी एवढी मोठ्यानं लागली होती की माझा हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. हिरवा लागला आणि ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडं गेलं. डावीकडं चांगली ऐसपैस जागा झाली. मला वाटलं, हा सरळ तरी जाणार नाहीतर उजवीकडं. मी आत घातली.

त्यालाही डावीकडंच जायचं होतं. लांब गाडीला डावीकडं वळायचं असलं की ती आधी उजवीकडं जाते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून येतात. ट्रॅक्टरपेक्षा पहिली ट्रॉली आतून, पहिलीपेक्षा दुसरी आणखी आतून. ट्रॅक्टर माझ्यापासून चांगला लांबून गेला, पहिली ट्रॉली हातभर अंतरावरून गेली आणि दुसरीनं मला फुटपाथच्या कडेला चेपलं. जागा हळूहळू मिटत गेली आणि मला मागंही जाता येईना. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून चाक थांबलं. डावा घोटा मोडला, दोन प्लेटा बसल्या आणि अडीच महिने घरी काढले.

म्हणून हात जोडून सांगतो, ट्रॉली, बस, ट्रक, कंटेनर यांच्या डावीकडं मोकळी जागा दिसली तर तिथं जाऊ नका. ती जागा तुमच्यासाठी नसते, त्यांच्या मागच्या चाकासाठी असते. सिग्नलला एकतर सगळ्यांच्या पुढं उभं राहा, ड्रायव्हरला तोंड दिसेल असं, नाहीतर अख्खी गाडी पुढं जाऊ द्या आणि तिच्या मागून वळा. मधे कुठंही थांबू नका. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आता थोडं मनातलं. घोट्यापेक्षा जास्त त्रास एका कार्यालयानं दिला. चौकात कॅमेरा होता आणि विम्यासाठी मला ते चित्रण हवं होतं. भावाला तिसऱ्याच दिवशी पाठवलं. त्याला सांगितलं, साहेब आले की या. मग म्हणाले, जखमीनं स्वतः यायला पाहिजे. मी कुबड्यांवर गेलो तर अर्जाचा नमुना बदललाय म्हणाले. शेवटी अर्ज घेतला तेव्हा उत्तर मिळालं की एवढे दिवस चित्रण ठेवत नाहीत, त्यावर नवीन चढतं. तिसऱ्या दिवशी हे कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर? ट्रॉली कुणाची हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, कारण माझ्याकडं फक्त ट्रॅक्टरचा अर्धा नंबर होता. देव न करो, पण कधी वेळ आलीच तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्ही नंबरांचा फोटो काढा. मी वकील नाही, पुढचं जाणकाराला विचारा.

तुमच्या मोपेडला डावा आरसा आहे का? आपल्याकडं निम्म्या गाड्यांना नसतो. डावीकडं वळताना तोच लागतो, कारण तुमच्याही डावीकडून कुणीतरी घुसत असतं. इंडिकेटर वळताना देऊन उपयोग नाही, चौक यायच्या आधीच चालू करा. वळण संपल्याबरोबर वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी भरणारी रिक्षा उभी असणार हे धरूनच चला. हंगामात वळणावर उसाची कांडकी पडलेली असतात, पावसाळ्यात झेब्र्याचे पांढरे पट्टे निसरडे होतात. गाडी कललेली असताना ब्रेक दाबू नका, वेग आधीच कमी करा. माझं हे सगळं दुचाकीवरून आहे, चारचाकीवाल्यांनी त्यांचं सांगावं.

आणि हॉर्नचं म्हणाल तर मी आता डावा हात बाहेर काढून थांबा अशी खूण करतो आणि जागचा हलत नाही. लोक चिडतात, बाजूनं जाताना बोलतात. बोलू दे. लेक मागं बसली असेल तर तिला सिग्नलला गुडघे आत घ्यायला आणि दप्तर दोघींच्या मधे धरायला सांगा. माझी गाडी आधी अडकली ती बाहेर लोंबणाऱ्या डब्याच्या पिशवीमुळं.