जुने टायर प्रेशर सेन्सर काढून टाकावेत की ठेवावेत?

तुमची गाडी नऊ वर्षांची, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतोय आणि टायरवाला म्हणतोय, "चारही काढून टाका साहेब, साधे रबरी व्हॉल्व्ह बसवतो." इतक्यात हो म्हणू नका.

आधी दिवा नीट बघा. चावी फिरवल्यावर मिनिटभर लुकलुकून मग तो तसाच पेटून राहत असेल, तर बहुतेक गाड्यांत बिघाड सेन्सरचा असतो. न लुकलुकता पेटला तर कुठल्या तरी चाकात खरंच हवा कमी आहे. सेन्सरचा लिथियम सेल साधारण पाच ते दहा वर्षं टिकतो आणि तो आतच राळेत बंद केलेला असतो, त्यामुळे नुसता सेल बदलता येत नाही. एक गेला की बाकीचे तीनही रांगेत आहेत असं समजा.

पण मला विचाराल तर सेलपेक्षा काळजी व्हॉल्व्हच्या दांडीची करा, सेन्सर चाकाच्या आत तिलाच जोडलेला असतो. माझी आधीची गाडी रत्नागिरीला चार पावसाळे उघड्यावर होती. एकदा पंपावर हवा भरायला थांबलो, तर मागच्या उजव्या चाकाचं टोपण फिरेचना. मीच हौसेने चकचकीत पितळी टोपणं लावली होती! ॲल्युमिनियमची दांडी, वर पितळ आणि खारी हवा, मग काय, आट्यांत पांढरी भुकटी धरलेली. पंपावरच्या पोराने पक्कड लावली आणि टोपण दांडीसकट त्याच्या हातात आलं. बघता बघता टायर जमिनीला टेकला. सेन्सर मात्र तोपर्यंत ठणठणीत चालू होता.

तेव्हा टोपणं प्लास्टिकचीच ठेवा, दांडीवर भुकटी दिसली तर लगेच दाखवा. नाहीतर टायर बदलायची वेळ येईपर्यंत थांबा आणि तोवर दर पंधरवड्याला, सकाळी टायर गार असताना, स्वतःच्या गेजने हवा मोजा. टायर बदलताना चारही सेन्सर एकदम घाला. टायर रिमवरून उतरवणं आणि बॅलन्सिंग तेव्हा होणारच असतं. एकेक करत बसलात तर तीच मजुरी चारदा. घेताना जुन्या सेन्सरवरची रेडिओ फ्रिक्वेन्सी वाचा, गाडीला तिच्यावरूनच निरोप जातो. माझ्या भाच्याने अमेरिकेहून आणलेले ३१५ मेगाहर्ट्झचे निघाले, माझ्या गाडीला ४३३ चे लागतात. ते अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

गाडी फक्त गावातल्या गावात फिरत असेल आणि हवा मोजायची खरंच सवय असेल, तर काढलेत तरी चालेल. फक्त बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या, कारण एकेक सेन्सर तीसेक ग्रॅमचा असतो. दिवाही मग कायम पेटलेला राहील. समृद्धीवर १२० ने जाणार असाल तर मात्र मी काढणार नाही. हळूहळू हवा जाणारा टायर स्टिअरिंगला लवकर कळत नाही, पण कमी हवेत त्याच्या बाजू सारख्या दुमडून तापतात आणि मग तो फुटतो.

आणि सेन्सर तेच ठेवून नुसते टायर बदललेत तरी रबरी वॉशर, नट आणि व्हॉल्व्हची पिन नवी घालायला सांगा. पिन निकेलचा मुलामा असलेलीच मागा, टायरवाल्याच्या डब्यातली साधी पितळी नको.