छोट्या उद्योगात बोनस द्यावा की कामानुसार भत्ता?

फोंड्याला आपला मसाल्यांचा छोटा उद्योग आहे, आठ कामगार आहेत, आणि त्यांना वर्षाकाठी एकरकमी बोनस द्यावा की कामानुसार दरमहा काही जादा द्यावे, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात काजूगराचा लहान कारखाना चालवतो. आमच्याकडे नऊ माणसे आहेत, त्यांत सात बायका. हे दोन्ही प्रकार मी करून पाहिले असून एकात हातही पोळून घेतले आहेत.

आधी कायद्याचे. 1965 च्या बोनस कायद्यात आणि त्याच्या जागी आणलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही बोनसची सक्ती मुख्यतः 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. तिथे किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के द्यावे लागतात. आपल्याकडे आठच माणसे असल्याने आपण द्याल ते स्वखुशीने. किमान वेतन मात्र आपल्यालाही चुकत नाही, आणि नगावर काम देत असलात तरी दिवसाची मजुरी त्याखाली जाता कामा नये. भत्ता धरावयाचा तो त्याच्या वर.

सुरुवातीला मी सोललेल्या गराच्या किलोमागे जादा पैसे ठेवले. पंधरा दिवसांत माल वाढला आणि मी खूश झालो. पण प्रतवारीच्या टेबलावर पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकड्याचे ढीगही वाढत चालल्याचे उशिरा ध्यानात आले. काजूच्या धंद्यात सगळी किंमत अख्ख्या गराला असते. 320 नंबरचा माल म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. तोच गर सोलताना दुभंगला की वजन तेवढेच राहते आणि भाव घसरतो. थोडक्यात, घाई करावी म्हणून मीच पैसे मोजत होतो.

मग मी किलोचा दर काढून अख्ख्या गरावर भत्ता ठेवला. आठवडाभरात सोलणाऱ्यांपैकी सर्वांत जुनी बाई मूठभर गर घेऊन माझ्यासमोर आली. तिने एक गर दोन बोटांत धरून हलकेच दाबला, तो कट्‌कन मोडला, आणि ती म्हणाली, “दादा, भट्टीतूनच हा इतका करकरीत येतो, त्याला मी काय करू?” तिचे म्हणणे खरे होते. बी वाफवणारा, फोडणारा आणि भट्टी सांभाळणारा यांच्यापैकी कोणीही चुकला तरी भत्ता बुडत होता तो फक्त सोलणाऱ्यांचा. तेव्हापासून वाफवण्यापासून प्रतवारीपर्यंत एका घाण्याच्या, म्हणजे एका वेळी घेतलेल्या, मालावर सर्वांचा मिळून भत्ता ठरतो. त्यानंतर भट्टीवाल्याने आपण होऊन ट्रे बाहेर काढल्यावर गर थोडे दमट होऊ देण्याची पद्धत सुरू केली. ते काम मी आधी दहा वेळा सांगूनही होत नव्हते. तुकडा निघाला म्हणून पगारातून कापण्याच्या भानगडीत मात्र मी कधी पडलो नाही आणि आपणही पडू नये.

हजेरीचा भत्ता जपून ठेवावा. महिनाभर एकही खाडा नको अशी अट मी घातली होती, तर एक बाई तापाने फणफणत असताना कामावर येऊन बसली. आता दोन खाडे माफ असतात. शिवाय मार्च-एप्रिलात आमच्या बायकांना स्वतःच्या डोंगरावरच्या बिया वेचायच्या असतात. त्या दिवसांत कोणताही भत्ता त्यांना अडवू शकत नाही, म्हणून मी कामाची वेळच अलीकडे-पलीकडे करून देतो.

वार्षिक बोनस मी बंद केलेला नाही. तो दिवाळीऐवजी चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी देतो, कारण माटोळीपासून (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीपासून) मुलांच्या कपड्यांपर्यंतचा खर्च आमच्याकडे तेव्हाच एकदम अंगावर येतो.

आपल्या मसाल्यांच्या कामात किती पाकिटे भरली यापेक्षा वजनात कमी किंवा सील सुटलेली म्हणून दुकानदारांकडून किती परत आली, यावर भत्ता ठेवावा, आणि तोही दळणाऱ्यापासून पॅकिंगपर्यंत सर्वांचा मिळून. परत आलेल्या पाकिटांची वही आपल्या कपाटात न ठेवता पॅकिंगच्या टेबलाजवळ टांगावी. सुरू करतानाच हा तीन महिन्यांचा प्रयोग आहे असे सर्वांसमोर सांगावे. एकदा चालू झालेली रक्कम नंतर काढायला गेलात तर ती पगारच कापल्यासारखी वाटते.