विकिपीडियावरचा लेख परत का येतो?

नवखा लेखक लेख आधी मसुदा म्हणून पाठवतो, आणि परीक्षक तो स्वीकारतात किंवा परत करतात. अशा नव्या लेखांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे इंग्रजी विकिपीडियापुरती आहेत. प्रत्येक भाषेतल्या विकिपीडियाचे नियम वेगळे असतात.

प्रश्न : एका लेखकावरचा माझा मसुदा दोनदा परत आला. सतरा संदर्भ दिले आहेत, इंग्रजीही जाणकाराकडून तपासून घेतले आहे. तरी शेरा तोच : संदर्भ पुरेसे नाहीत.

सतरा हीच अडचण असू शकते. परीक्षक स्वयंसेवक असतात आणि त्यांच्यापुढे मसुद्यांचा ढीग असतो. पहिल्या चार-पाच दुव्यांत काही हाती लागले नाही, तर पुढचे उघडले जातीलच असे नाही. परीक्षकाला ठरवायचे असते ते एवढेच : हा लेख मुख्य विकिपीडियात गेला आणि कोणी तो वगळण्याचा प्रस्ताव आणला, तर टिकेल का? टिकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली तर स्वीकारावा, असा संकेत आहे. इंग्रजीच्या सफाईला त्यात फारसे स्थान नाही.

प्रत्येक संदर्भाला तीन प्रश्न विचारा. तो त्या लेखकापासून स्वतंत्र आहे का? जिथे संपादक मजकूर तपासतात अशा ठिकाणी छापला आहे का? त्यात लेखकाविषयी किंवा त्याच्या लेखनाविषयी काही परिच्छेद तरी आहेत का? तिन्ही उत्तरे एकाच संदर्भात 'हो' यायला हवीत. एक स्वतंत्र, दुसरा सविस्तर अशी बेरीज चालत नाही.

या कसोटीवर लेखकाचे संकेतस्थळ, प्रकाशकाने करून दिलेली ओळख आणि मलपृष्ठावरचा मजकूर लगेच गळतात. मुलाखतही गळते, कारण तिथे माणूस स्वतःविषयीच बोलत असतो. पत्रकाराने सुरुवातीला स्वतःचे विवेचन लिहिले असेल, तर तेवढाच भाग धरतात. पुरस्कारांच्या यादीत नाव दोन शब्दांचे असते. पुस्तक विकणाऱ्या दुकानाचा दुवा दिला, तर मसुदाच जाहिरातीसारखा दिसू लागतो. एवढे गळल्यावर उरतात ती नियतकालिकांतली परीक्षणे, आणि लेखकाच्या बाबतीत सर्वांत कामाची तीच. वेगवेगळ्या समीक्षकांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली, दोन-तीन पुस्तकांवरची सविस्तर परीक्षणे असली की बाजू भक्कम होते. ती इंग्रजीतच किंवा ऑनलाइनच असावीत अशी अट नाही. जुन्या छापील अंकातले परीक्षण असेल तर अंकाचे नाव, तारीख, समीक्षक, शीर्षक आणि पृष्ठ क्रमांक द्या.

संख्येचा लेखी नियम नाही, पण व्यवहारात असे तीन संदर्भ पुरतात. कमकुवत संदर्भ काढून टाका आणि मसुद्याच्या चर्चापानावर (त्याविषयी बोलण्यासाठी जोडलेल्या पानावर) हे तीन वेगळे मांडून ठेवा. ते सापडतच नसतील, तर लेखाचा नाद सध्या सोडलेला बरा. मजकूर कितीही घोटला तरी ती उणीव भरून निघत नाही.

प्रश्न : 'डिक्लाइन' आणि 'रिजेक्ट' यांत फरक काय? आणि नंबर कधी लागतो?

'डिक्लाइन' म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा. 'रिजेक्ट' म्हणजे या विषयावर लेख होण्याजोगा नाही, पुन्हा पाठवू नका. खरोखर नवे, भरभक्कम संदर्भ मिळाले असतील, तर आधी परीक्षकाच्या चर्चापानावर विचारा.

मसुदे आले त्या क्रमाने तपासले जात नाहीत, त्यामुळे नंबर असा नसतो. सोपा निर्णय पटकन होतो, अवघड मसुदा पडून राहतो. आधीच्या शेऱ्यांच्या चौकटी मसुद्यावरून काढू नका. पानाच्या इतिहासात त्या दिसतातच, आणि काढल्या की परीक्षकाचे मन साशंक होते. सहा महिने मसुद्याला हात लावला नाही तर तो वगळला जाऊ शकतो. विनंती केल्यावर बहुधा परतही मिळतो.

प्रश्न : मी ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्यावर लेख लिहू शकतो का?

लिहू शकता, पण सदस्यपानावर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुमच्या खात्याच्या पानावर, नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव जाहीर करावे लागते. कामाचा भाग म्हणून, मोबदला घेऊन केलेल्या संपादनासाठी 2014 पासून ही अट वापराच्या शर्तींतच आहे. लपवले आणि उघड झाले तर खातेच बंद होऊ शकते.

कंपन्यांसाठी कसोटी जास्त कडक आहे. भांडवल उभारणी, नवी शाखा, नवे उत्पादन, नव्या अधिकाऱ्याची नेमणूक अशा बातम्या कितीही मोठ्या वृत्तपत्रात आल्या तरी मोजत नाहीत, कारण त्या बहुधा कंपनीच्याच पत्रकावरून लिहिलेल्या असतात. भाषेतही हात आखडा. 'क्षेत्रातील अग्रगण्य, ग्राहकाभिमुख संस्था' हे काढा आणि 'अमुक साली स्थापन झालेली, पंप बनवणारी कंपनी' एवढेच ठेवा.

'पैसे द्या, मसुदा मंजूर करून देतो' असा ईमेल आला तर ती फसवणूक समजा. परीक्षक पैसे घेत नाहीत. नाकारलेल्या मसुद्यांच्या याद्या सर्वांना दिसतात, ठगांना सावज तिथेच सापडते.

प्रश्न : संस्थेच्या संकेतस्थळावरचा मजकूर परवानगीने वापरला किंवा एआयकडून लिहून घेतला तर?

तोंडी परवानगी किंवा 'आमची हरकत नाही' असा ईमेल पुरत नाही. मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही तो वापरण्याची व बदलण्याची मुभा देऊन, रीतसर द्यावा लागतो, नाहीतर मसुदा तडकाफडकी वगळतात. आणि असा मजकूर बहुधा प्रचारकी असल्याने तसाही उपयोगी पडत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहा. एआयचे मुख्य दुखणे म्हणजे अस्तित्वातच नसलेले संदर्भ. न तपासता टाकलेला असा मजकूर आता थेट वगळण्याचे कारण ठरतो.

प्रश्न : परीक्षण टाळून लेख थेट टाकता येतो का?

खाते चार दिवसांचे झाले आणि दहा संपादने झाली की तांत्रिकदृष्ट्या येतो. पण नवी पाने तपासणारे स्वयंसेवक वेगळे असतात. ते कच्चा लेख पुन्हा मसुद्यात ढकलतात किंवा वगळण्याच्या चर्चेला लावतात. त्या चर्चेत एकदा वगळला गेला की पुढच्या वेळी आणखी जड जाते. त्यामुळे नवख्याने मसुद्याची वाट धरणेच शहाणपणाचे.

प्रश्न : लेख स्वीकारला गेला, तरी गूगलवर दिसत नाही.

मसुदे शोधयंत्रांपासून दूर ठेवलेले असतात. नवा लेखही, नवी पाने तपासणाऱ्यांनी पाहिल्याची खूण होईपर्यंत किंवा 90 दिवस उलटेपर्यंत, तसाच ठेवतात. त्यानंतर गूगल तो केव्हा घेईल हे गूगलच्या हाती. तोवर इतर लेखांत जिथे या विषयाचा उल्लेख आधीच आहे, तिथून दुवे जोडून घ्या.