पन्हेरीच्या पाण्यात फायटोप्थोरा आहे का?

प्रश्न : पन्हेरीतली (रोपवाटिकेतली) जंबेरीची (संत्र्याच्या कलमासाठी लावतात त्या खुंटाची) रोपं पिवळी पडून मरतात, मुळीची साल ओढली की सुटून येते. पाणी नाल्यालगतच्या शेततळ्याचं आहे. बाटलीभर पाणी तपासायला द्यावं का?
– एक वाचक, ता. वरुड

उत्तर : लक्षणं फायटोप्थोराच्या (पाण्यातून पसरणाऱ्या, बुरशीसारख्या जीवाच्या) मूळकुजीचीच दिसतात. पण नुसत्या बाटलीवर भिस्त ठेवू नका. त्याचे पोहणारे बीजाणू पाण्यात विरळ असतात आणि फार वेळ पोहत नाहीत. बाटली भरताना ते हुकले की अहवाल कोरा येतो. त्यापेक्षा पानांचं आमिष लावा: बीजाणू पाण्यात ठेवलेल्या पानांवर येतात आणि डाग पाडतात.

संत्र्याची किंवा जंबेरीची निरोगी, पूर्ण वाढलेली पण कोवळी पानं घ्या. त्यांवर बोर्डो किंवा दुसरं कुठलंही बुरशीनाशक मारलेलं नसावं, नाहीतर सगळी मेहनत वाया. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत पाच-सहा पानं मोकळी ठेवा, थर्माकोलचा तुकडा घाला आणि पिशवी काठाला दोरीने बांधा. पानं पाण्याच्या पृष्ठभागालगत, सावलीत, संथ पाण्यात हवीत. गाळात बसली की जिवाणू त्यांचा लगदा करतात. पावसाळ्यातल्या कोमट पाण्यात तीन दिवस पुरेत. अमेरिकेतल्या थंड ओढ्यांत ऱ्होडोडेंड्रॉनची पानं आठवडा-दोन आठवडे ठेवतात. आपल्याकडे तेवढ्यात ती सडून जातील.

पिशव्या कुठे लावता यावर सारं आहे. एक नाल्यात, पन्हेरीच्या वरच्या अंगाला. दुसरी शेततळ्यात पंपाच्या फूटव्हॉल्व्हजवळ. तिसरी पन्हेरीतून निथरणाऱ्या पाण्यात. पहिली स्वच्छ आणि तिसरी डागाळलेली निघाली, तर संशय नाल्यावर कमी आणि तुमच्याच वाफ्यांवर जास्त. निथरलेलं पाणी परत शेततळ्यात जात असेल, तर रोग तिथेच फिरत राहतो. शिवाय त्याच पानांपैकी काही न वापरलेली पानं घरी, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवा. त्यांवरही डाग आले, तर पानंच खराब होती.

पाण्याने भिजल्यासारखा, तपकिरी, कडेने पसरणारा डाग हवा. पान धुऊन टिपा, ओलसर टिश्यूत गुंडाळून पिशवीत घाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवा. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आधी विचारून घ्या. डागाची कडा निवडक माध्यमावर (ठरावीक जीवच वाढू देणाऱ्या खाद्यावर) वाढवल्याशिवाय नाव सांगता येत नाही, कारण पिथियम हा त्याच्यासारखाच जीवही याच पानांवर येतो. ओढ्यात राहणाऱ्या फायटोप्थोराच्या काही जाती तर संत्र्याला त्रासही देत नाहीत. म्हणून प्रजातीचं नाव मागून घ्या. निकोटियानी, पामिव्होरा किंवा सिट्रोफ्थोरा असेल तर काळजीचं.

प्रश्न : तोवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतलं तर?

उत्तर : पैसे वाया. फायटोप्थोरा ही खरी बुरशी नव्हे. त्याच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही, मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल चालतं. पाण्यासाठी क्लोरीन वापरा: नळीच्या तोंडाशी मुक्त क्लोरीन २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) मिळायला हवं. गढूळ पाण्यात ते गाळच खाऊन टाकतो, तेव्हा आधी पाणी निवळू द्या.