दुबईत कंपनी काढली की टॅक्स वाचतो का?

प्रश्न : ताई, माझ्या मुलाची बाणेरला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, १२ माणसं, क्लायंट सगळे अमेरिकेतले. त्याचा एक मित्र रोज डोकं खातोय की दुबईत कंपनी काढ, बिलं तिथून फाड, टॅक्स नावाला भरावा लागतो, मोठ्या कंपन्या हेच करतात. मी बँकेतून रिटायर झालोय, मला हे काही पटत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही. खरंच चालतं का असं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, मोठ्या कंपन्यांबद्दल तो मित्र म्हणतो ते खोटं नाहीये. ॲपलचंच बघा ना, फोनचं डिझाईन कॅलिफोर्नियात, जोडणी मुख्यतः चीनमधे, आणि युरोपातल्या विक्रीचा नफा मात्र आयर्लंडमधल्या कंपनीच्या नावावर जमा. आयर्लंडचा दर १२.५ टक्के, म्हणजे आधीच कमी, पण तोही पूर्ण भरला नव्हता. युरोपियन कमिशनने २०१६ मधे सांगितलं की २०१४ साली तो टॅक्स ०.००५ टक्क्यावर आला होता, म्हणजे दहा लाख युरो नफ्यावर ५० युरो, आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स याहून जास्त असतो! कारण तो नफा ज्या 'हेड ऑफिस'चा म्हणून दाखवला होता त्याला ना जागा होती ना एक कर्मचारी. शेवटी सप्टेंबर २०२४ मधे युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने १३ अब्ज युरो भरायला लावले, आणि गंमत म्हणजे आयर्लंड सरकारच इतकी वर्षं कोर्टात भांडत होतं की आम्हाला हे पैसे नकोत, कारण कमी टॅक्स हेच त्यांचं दुकान.

आपल्याकडचं व्होडाफोनचं प्रकरण तुम्हाला बँकेत असताना ऐकून माहीत असेल. २००७ मधे त्यांनी हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा इथला मोबाईलचा धंदा घेतला, पण कागदोपत्री विकला गेला केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर, मुंबईतला टॉवर काय आणि सिमकार्ड काय, जागचं हललं नाही. टॅक्स कोणाचा यावर भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१२ मधे व्होडाफोन जिंकली, त्याच वर्षी सरकारने मागच्या तारखेपासून कायदा बदलला, आणि तो बदल २०२१ मधे परत मागे घ्यावा लागला.

मला यातून एवढंच दिसतं की टॅक्सच्या दराने हलतात ते कागद, शेअर, पेटंट, ब्रँडचे हक्क; माणसं आणि मशिनं मात्र तेवढ्यासाठी सहसा हलत नाहीत. आता तर कागदावरही लगाम आलाय, २०२१ मधे १३० च्या वर देशांनी कंपन्यांवर किमान १५ टक्के टॅक्स लावायचं ठरवलं, तेही ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्यांसाठी, (अमेरिकेचं त्यावर रुसणं-फुगणं चालूच असतं ते सोडा). तुमच्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्याच्यापुढे साधा प्रश्न आहे, दुबईच्या ऑफिसात बसणार कोण? काम बाणेरची १२ माणसं करणार, क्लायंटचा रात्री नऊचा कॉल मुलगा इथूनच घेणार, मग दुबईच्या कंपनीने कमावलं काय? बाणेरच्या कंपनीने दुबईला बिल लावताना परक्या गिऱ्हाइकाला लावलं असतं तोच भाव लावायचा असा आपला नियम आहे, त्याला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात, त्याचा सीएकडून वेगळा रिपोर्ट लागतो. तो भाव प्रामाणिकपणे लावला की दुबईत उरतं थोडंच. त्या थोड्यावरही जून २०२३ पासून तिथे ९ टक्के आहे, पावणेचार लाख दिऱ्हमच्या वरच्या नफ्यावर, आणि फ्री झोनचा, म्हणजे तिथल्या खास सवलतीच्या भागातला, शून्य दर ठरावीक कामांनाच मिळतो. शिवाय लायसन्स, ऑडिट, बँक खातं यांचा खर्च. इथल्या कंपनीला नवीन पद्धतीत २५.१७ टक्के पडतो, म्हणजे फरक दिसायला मोठा, पण तो पैसा डिव्हिडंड म्हणून घरी आणला की मुलाच्या स्लॅबने पुन्हा टॅक्स. आणि परदेशातली कंपनी रिटर्नमधे दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंड बसू शकतो.

माझ्याकडे एकजण अशीच फाईल घेऊन आले होते. कंपनीचे निर्णय दुबईत होतात हे दाखवायला बोर्ड मीटिंगची मिनिट्स दुबईची, सही-शिक्क्यासकट, तारीख बघितली तर अनंत चतुर्दशी. म्हटलं, तुम्ही तर लक्ष्मी रोडला ढोल वाजवत होतात, फोटो मीच लाईक केलाय! पासपोर्टवरही त्या महिन्यातला एकही शिक्का नाही. बिचारे हसले आणि चहा न घेताच गेले.

मुलगा खरोखर बायको-मुलांसकट तिकडे राहायला गेला, तिथे माणसं ठेवली, तर हिशोब वेगळा, तेव्हा परत विचारा.

हां, कारखाना हलवणारा टॅक्स बघायचा असेल तर तो इन्कम टॅक्स नाही, कस्टम ड्यूटी. तयार गाडी आणण्यापेक्षा सुटे भाग आणले तर ड्यूटी खूप कमी, म्हणून मर्सिडीज चाकणला गाड्या जोडते. टेस्लाने २०२५ मधे मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं ते तयार गाड्या आणून, तर किंमत गेली ६० लाखांच्या घरात.

जाता जाता एक, अमेरिकेच्या बिलांवर जीएसटी न लावता पाठवायचं तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, नव्याने भरावं लागतं. यंदाचं भरलंय का ते मुलाला आजच विचारा, दुबईच्या नादात तेच राहून जातं.