त्यांना रमवू नकोस, कामाला लाव

सप्रेम आशीर्वाद.

ज्येष्ठांच्या केंद्रासाठी तू एवढी राबतेस, तरी माणसं गळतात आणि येतात ती कुरकुरतात. म्हणून विचारलंस, या वयात माणसं हेकट होतात का? होतात. मी तर आधीपासूनच होतो. पण तू पाठवलेलं वेळापत्रक पाहिलं आणि मला कुरकुरणाऱ्यांचंच पटलं. हाऊजी, व्याख्यान, छापील चित्रांत रंग भरणं, पुन्हा हाऊजी. अगं, यातल्या कशाला ते आले नाहीत तर कुणाचं काय अडतं?

कुणाचं तरी अडलं पाहिजे. माझा सगळा हट्ट एवढाच.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या लोकांना रोपं दिली, निगा तुम्हीच राखायची म्हणून सांगितलं आणि रोजचे काही बारीकसारीक निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसू लागली. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत, हे मान्य. तरी तुझ्या केंद्रात सगळ्या रोपांना तूच पाणी घालते आहेस, हे तुला दिसत कसं नाही?

मी निवृत्तीनंतर एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जात होतो. जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावायचं काम दिलं होतं. मान मोडेस्तोवर लावल्या. मग एक दिवस कळलं, त्या रद्दीतच जाणार होत्या. ‘काकांना विरंगुळा’ म्हणून दिल्या होत्या. उठलो आणि घरी आलो. लोक म्हणाले, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. का नसतं? आजही तसाच उठेन. हळहळ एकाच गोष्टीची वाटते. तिथल्या शिपायाचा मुलगा माझ्याकडे अपूर्णांक शिकायला बसायचा, तो मात्र अर्ध्यावर राहिला.

शिकण्याचंही तसंच. ज्येष्ठांसाठीचं ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ फ्रान्समध्ये तुलूझला 1973 साली सुरू झालं, तेव्हा शिकवायला प्राध्यापक होते. ब्रिटनमध्ये ही कल्पना गेल्यावर सभासदच एकमेकांना शिकवू लागले. परीक्षा नाही, पदवी नाही. ज्यांच्या बोलण्याला तू कंटाळली आहेस ना, त्या निवृत्त भूमापकांना नकाशा वाचायचा वर्ग घ्यायला सांग. त्यांना तयारी करावी लागू दे, घाम फुटू दे. आणि सोपंच द्यायचा मोह आवर. अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने ज्येष्ठांना तीन महिने गोधडीकाम आणि डिजिटल फोटोग्राफी अगदी पहिल्यापासून शिकवली. नवं अवघड शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती नुसत्या गप्पाटप्पांत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली.

तब्येतीच्या तक्रारी असतीलच. म्हणून प्रत्येक कामाला दोघं नेम, म्हणजे एकाला हक्काने रजा घेता येईल. पण ‘जमलं तर या’ म्हणू नकोस. त्या वाक्यातच ‘नाही आलात तरी चालेल’ दडलेलं असतं, आणि ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

सुरुवात केंद्राच्या किल्लीपासून कर. ती त्यांच्यापैकी कुणाकडे तरी दे. एखाद्या दिवशी विसरतील, सगळे दाराबाहेर ताटकळतील. ताटकळू दे. दुसरी किल्ली मात्र स्वतःकडे ठेवू नकोस.