पहिली स्पर्धा : पटासमोर बसण्यापूर्वी

प्रश्न : काही वर्षांपासून मी मोबाईलवर नियमित बुद्धिबळ खेळतो. 2025 मध्ये विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हापासून प्रत्यक्ष स्पर्धेत उतरावे असे वाटते. पणजीतील एका खुल्या रॅपिड (कमी वेळेच्या, जलद डावांच्या) स्पर्धेसाठी नाव द्यायचे आहे. परंतु चाळिशीत लहान मुलांसमोर बसण्याचा संकोच वाटतो आणि नकळत एखादा नियम मोडेन अशी भीतीही आहे. कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नाव अवश्य द्यावे. खुल्या स्पर्धेत वय पाहून जोड्या लावत नाहीत. बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. तीत हरलेला खेळाडू बाद होत नाही, तर पुढच्या फेरीत शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेल्या खेळाडूशी खेळतो. पहिल्या फेरीत मात्र रेटिंगनुसार (खेळाडूच्या ताकदीच्या अधिकृत गुणांकनानुसार) लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो, आणि आपणास रेटिंग नसल्यामुळे पहिलाच प्रतिस्पर्धी बराच बलवान असण्याची शक्यता आहे. तो दहा वर्षांचा असला तरी डावाच्या आरंभी आणि शेवटी त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने हस्तांदोलन करावे आणि डाव चालू असताना त्याला वडीलकीचा सल्ला देऊ नये.

आपली खरी अडचण वेगळी आहे. मोबाईल नियमबाह्य चाल होऊच देत नाही. पटावर ती जबाबदारी आपल्या हातावर येते. स्वतःच्या मोहऱ्याला हेतुपूर्वक स्पर्श केला की तोच चालवावा लागतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला केला तर, शक्य असल्यास, तो मारावाच लागतो. मोहरा घरात नीट बसवायचा असेल, तर आपली चाल असताना आधी तसे सांगून मगच हात लावावा. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे, एकाच हाताने आणि आधी राजा उचलून करावे. आधी हत्तीला हात लावला, तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे असते.

प्यादे शेवटच्या घरात पोहोचून त्याचा वजीर करायचा असतो तेव्हा नवखे खेळाडू हमखास चुकतात. घरी दुसरा वजीर नसला की आपण हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतो. स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो, तोंडाने काहीही म्हटले तरी. वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागावा. तो आपला हक्क आहे. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबले गेले, तर रॅपिडमध्ये पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्या वेळी सामान्यतः डावच जातो. समोरच्याने अशी चाल केली, तर आपली पुढची चाल करण्याआधीच घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे. वाद आपसात मिटवू नये आणि आवाजही चढवू नये. पंचांना बोलावणे म्हणजे तक्रारखोरपणा, असा आपल्याकडे उगाच समज आहे. पंच त्यासाठीच उभे असतात.

बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल केल्यानंतर, परंतु घड्याळ दाबण्यापूर्वी, एकदाच शांतपणे मांडावा. तो पुन्हा पुन्हा मांडणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्रास देणे होय. रॅपिडमध्ये चालींची नोंद करणे सक्तीचे नसते, पारंपरिक, म्हणजे लांब वेळेच्या स्पर्धेत असते. म्हणून नोंदीचा सराव आतापासूनच ठेवावा.

मोबाईलबाबत कोणतीही ढिलाई चालत नाही. तो खिशात सापडला, तर वाजला नसला तरी डाव गमवावा लागू शकतो. स्मार्ट घड्याळालाही हाच नियम लागू आहे. पूर्ण बंद करून तो पंच सांगतील तेथे ठेवावा. उशिरा आल्यास किती वेळ सवलत आहे, हे माहितीपत्रकात वाचावे, कारण तसा उल्लेख नसेल तर फेरी सुरू झाल्यावर पोहोचणाऱ्याचा डाव जातो. फोंड्याहून निघताना हे ध्यानात ठेवावे. स्पर्धा रेटिंगची असेल, तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नोंदणीविषयी आयोजकांना आधीच विचारून घ्यावे.

डाव संपल्यावर निकाल पंचांकडे नोंदवावा आणि चर्चा सभागृहाबाहेर करावी. शेजारच्या पटावर कोणाचा वजीर मारला जाणार असल्याचे दिसले तरी चेहऱ्यावरही ते उमटू देऊ नये. पहिले दोन डाव हरलात आणि घरी जावेसे वाटले, तर पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्यापूर्वी मुख्य पंचांना कळवून जावे. अन्यथा दूरवरून आलेला एखादा खेळाडू रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतो.